कप्तानाचा हात कुणी नेला?

१

समजा, तुमच्या आजोबांचा उजवा हात लोखंडाचा आहे.

म्हणजे खरा हात नव्हे. खरा हात साधाच, सुरकुतलेला, तुमच्या डोक्यावरून फिरणारा. पण त्याच्यावर चढवायचा एक दुसरा हात आहे. चंदेरी, कोपरापर्यंत येणारा, बोटांच्या पेरापेराला बिजागरी असलेला, मनगटावर लाल दिवा लुकलुकणारा. तो घालून तुमच्या आजोबांनी तीस वर्षांपूर्वी एका सिनेमात कप्तान बनून पृथ्वीवर कोसळणारं अवकाशयान एका हाताने थोपवलं होतं. यान पुठ्ठ्याचं होतं, पण ते जाऊ द्या. बघणाऱ्यांनी रोखलेले श्वास खरे होते.

आता समजा, एका दुपारी तो हात नाहीसा झाला. आणि सगळी माणसं वळून तुमच्या आजोबांकडेच बघू लागली.

आणा बरं डोळ्यांसमोर. अवघड जातंय ना? मुंगीच्या तर ते डोळ्यांदेखतच घडलं.

मुंगी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. चण एवढीशी, आणि सतत कुठून तरी काही तरी उचलून आणायची सवय, म्हणून आजोबांनीच ठेवलेलं ते नाव. शाळेला सुट्टी होती, म्हणून ती आजोबांबरोबर शूटिंगला आली होती. सिनेमाचं नाव होतं ‘शेवटच्या स्फोटानंतर’. पहिल्या भागाचं नाव ‘शेवटचा स्फोट’. तो शेवटचा असताना दुसरा भाग कसा निघाला, असं मुंगीने विचारलं होतं, तेव्हा आजोबा म्हणाले होते, “स्फोट शेवटचा होता गं, आम्ही नव्हतो.”

शूटिंग चालू होतं टायरच्या एका रिकाम्या गोदामात. जेवणाची सुट्टी झाली, वीज वाचवायला आतले मोठे दिवे बंद करून छताच्या काचांतून येईल तेवढाच उजेड ठेवला, आणि सगळी मंडळी बाहेर पत्र्याच्या सावलीत डबे उघडून बसली. मुंगीचा घास तोंडापाशी पोहोचतोय, तोच आतून आवाज आला.

“आऽऽऽ!”

पाठोपाठ आजोबांची हाक. “अरे, धावा! राक्षस पडलाय!”

सगळे आत धावले. दिवे लागले. उंच मचाणाच्या पायथ्याशी गाद्या पसरलेल्या होत्या. त्यांतल्या एकीवर राक्षसआजोबा आडवे झाले होते, हिरव्या खवल्यांच्या पोशाखात, डोळे मिटून. शेजारी हातात ओला टॉवेल घेऊन आजोबा उभे होते.

आणि गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, यानाच्या भिंतीजवळ, ज्या लाकडी खुंटावर लोखंडी हात ठेवलेला असायचा, तो खुंट रिकामा होता.

२

राक्षसआजोबांचा परिचय करून द्यायला हवा, नाहीतर तुम्ही उगीच घाबराल.

पहिल्या भागात ते दुष्ट ग्रहाचे राजे होते आणि शेवटी उकळत्या लाव्ह्यात पडून मेले होते. दुसऱ्या भागात ते परत कसे आले, असं सगळे विचारायचे. लेखक म्हणायचा, “त्यांना पोहता येत होतं.” पडद्यावर कप्तान आणि राक्षस एकमेकांच्या जिवावर उठलेले, आणि पडद्याबाहेर एकाच्या डब्यातलं दुसऱ्याने खाल्लं नाही असा दिवस गेला नसेल. दोघांनी तरुणपणी एकाच उस्तादांकडे मारामारी शिकलेली. मारायला सगळ्यांनाच येतं, पडायला शिकावं लागतं, असं ते उस्ताद सांगायचे म्हणे. आजोबांनी मुंगीलाही घरी गादीवर पडायला शिकवलं होतं. खांदा आधी कसा टेकवायचा, डोकं कसं आत घ्यायचं. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट.

“चष्मा आधी, पडणं नंतर. कितीही घाई असली तरी. घराला आग लागलेली असली तरी!” आणि मग भुवईवरचा जुना व्रण दाखवायचे.

त्या सकाळीही दोघांनी सराव केला तेव्हा तेच झालं. राक्षसआजोबांनी चष्मा काढला, रुमाल पसरला, काचा वर करून चष्मा त्यावर ठेवला. आजोबांनी आपला चष्मा त्याच्या शेजारी ठेवला. मग दोघं एकमेकांवर गुरगुरत धावून गेले.

मुंगी तोवर तिच्या आवडत्या खेळात रमली होती. यानाची ती प्रचंड भिंत सेटवाल्या भंगारदादाने घरोघरचं सामान मागून आणून उभी केली होती. लांबून बघाल तर दुसऱ्याच जगातलं काही तरी. जवळ जाऊन बघाल तर स्वयंपाकघर आणि माळा! चंदेरी रंग फासलेली चाळणी, केस वाळवायचं यंत्र, टाइपरायटर, सायकलच्या साखळीचं झाकण, बादलीचं बूड.

“ओळख बघू, हे काय?” भंगारदादा विचारायचा.

“पंख्याची पाती! चाळणीच्या बाजूला.”

“शाबास. आणि सगळं खिळ्यांवर अडकवलेलं आहे बरं का. गोंदाचा थेंब नाही. उद्या ज्याचं त्याला परत द्यायचंय.”

उद्या गोदामात टायर परत येणार होते. म्हणजे आज शेवटचा दिवस, आणि आज सिनेमाचा शेवट. कप्तान जळत्या यानाच्या टोकावर दोर पकडून लोंबकळतो आणि लोखंडी हाताच्या बळावर झोका घेऊन उडी मारतो. ‘शेवटचा स्फोट’मध्ये ती उडी आजोबांनी स्वतः मारली होती. या वेळीही स्वतःच मारणार, असा त्यांचा हट्ट होता.

सरावानंतर मुंगी आजोबांच्या बाह्यांची बटणं लावून देत होती. हल्ली ते काम तिचंच झालं होतं. “नायकाच्या बाह्या नातीनेच लावायच्या असतात, तशी पद्धतच आहे,” असं आजोबा म्हणायचे. तेवढ्यात राक्षसआजोबा आले. म्हणाले, “पोरी, जरा पाणी आण बघू.”

ती पाणी घेऊन परत येईस्तोवर दोघांचे आवाज चढले होते.

“आज मी तुला वर चढू देणार नाही!”

“तू कोण रे मला अडवणारा? मध्ये आलास तर बघ!”

हे मुंगीने ऐकलं. वाईट एवढंच, की दिग्दर्शकानेही ऐकलं.

३

दिग्दर्शक वाईट नव्हता. तरुण होता, दमला होता, आणि ‘शेवटचा स्फोट’ ज्यांनी काढला त्यांचा मुलगा होता. कप्तानाच्या खांद्यावर बसूनच तो लहानाचा मोठा झाला होता. म्हणून तर पुढचं बोलताना त्याला मान वर करता येईना.

राक्षसआजोबांना उचलून मेकअपच्या खोलीत नेलं होतं. त्यांनी डोळे उघडून एवढंच सांगितलं होतं, “खुंटापाशी उभा होतो. संवादांचा कागद वाचत होतो. मागून डोक्यात दणका बसला. पुढचं काही आठवत नाही. कुणी तरी बाहेरचा असेल.”

सगळं गोदाम पालथं घातलं. पेट्या, पडदे, कपड्यांचे ढीग, बाहेर उभी असलेली गाडी. हात नाही.

“कप्तानकाका,” दिग्दर्शक म्हणाला, “सुट्टीत तुम्ही बाहेर का आला नाहीत?”

“पडद्यामागे कपडे बदलायची जागा आहे ना, तिथे पडलो होतो जरा.”

“एकटेच?”

“मग काय वाजंत्री लावून पडायचं? राक्षसाची किंकाळी ऐकली. धप्प आवाज झाला. धावत आलो, तर हा आडवा.”

“सकाळी तुमचं भांडण झालं.”

आजोबांनी हातातला टॉवेल खांद्यावर टाकला.

“काका, मला कळतं. इतक्या वर्षांनी तेवढी उंच उडी. भीती वाटणारच. हात नसेल तर उडी नाही. तुम्ही तो लपवायला गेलात, राक्षसकाका मध्ये आले, आणि रागाच्या भरात...”

“मी?” आजोबांचा आवाज इतका हळू झाला की सगळ्यांना पुढे झुकून ऐकावं लागलं. “मी भ्यालो? आणि मी त्याला मागून मारलं?”

“आतमध्ये दुसरं कुणी नव्हतं, काका.”

दिग्दर्शकाने टोपी काढून पुन्हा घातली. “तुम्ही घरी जा. उडी तो पोरगा टोळ मारेल, पाठमोरा, पुठ्ठ्याचा हात लावून. चेहरा दाखवायचा नाही. उजेड आहे तोवर उरकतो.”

आजोबा वळले आणि पडद्यामागे गेले. चालताना त्यांनी उजवा हात खिशात घातलेला होता.

मुंगी मात्र जागची हलली नाही. तिच्या आजोबांनी आयुष्यात हजार माणसांना मारलं होतं, पण मागून एकालाही नाही.

“दिग्दर्शककाका,” ती म्हणाली, “दिवे लावून व्हायला किती वेळ लागेल?”

“तासभर. का?”

“तेवढा पुरेल,” मुंगी म्हणाली.

४

टोळ म्हणजे उड्या मारणारा पोरगा. नाकतोड्यासारखे लांब पाय, म्हणून टोळ. तो एका कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या हाताकडे बघत बसला होता.

“तूच नेलास ना?” मुंगीने सरळच विचारलं. “तुला उडी मारायला मिळावी म्हणून?”

“मी बाहेर दिवेवाल्यांना कोलांटी शिकवत होतो. तुझ्यासमोरच! एक जण वरणात पडला, तू हसलीस.”

ते खरं होतं. मुंगी ओशाळली.

“आणि ऐक,” टोळ म्हणाला. “लहानपणी कप्तानांची ती उडी बघून मी घराच्या गच्चीवरून उडी मारली होती. पाय मोडला. त्यांच्या जागी मी, तेही पुठ्ठ्याचा हात लावून? मला लाज वाटतेय गं. पण नाही म्हणालो तर सिनेमाच बंद पडेल.”

भंगारदादा शिडीवर होता. “मला विचारशील, तर तो हात बाहेर गेलेलाच नाही. उन्हात असा चमकतो की रस्त्यापलीकडचं कुत्रंही भुंकेल.”

“मग आत कुठे आहे?”

“ते कळलं असतं तर मी शिडीवर असतो का?”

मेकअपमावशी बर्फाची पिशवी पिळत होती. तिचे गुडघे दुखायचे, म्हणून ती इतरांपासून लांब, गोदामाच्या दाराच्या पायरीवर बसून जेवली होती. आणि गोदामाला उघडं दार तेवढं एकच.

“मावशी, आत कोण गेलं?”

“कुणी नाही गं बाई.”

“बाहेर कोण आलं?”

“कुणी नाही. मला ओलांडल्याशिवाय मांजरसुद्धा जात नाही.” मावशीने मुंगीला जवळ ओढलं. “मी हे दिग्दर्शकाला सांगितलं नसतं, पण त्याने विचारलं. खोटं कसं बोलू? तुझ्या आजोबांनी असं काही केलं असेल, हे मला पटत नाही. आणि दुसरं एक सांगू? एवढा दणका बसला म्हणतात, तर टेंगूळ नको? त्या डोक्यावर केस मोजके. सगळं डोकं चाचपलं, टेंगूळ सापडेल तर शपथ!”

मुंगी पायरीवर बसली. आत दोनच माणसं होती. एक पडलेला आणि एक उभा. उभ्याने मारलं नसेल, तर उरला पडलेला. पण स्वतःच्या डोक्यात स्वतःच मागून दणका कोण घालून घेईल?

“मुंगे,” मावशी म्हणाली, “राक्षसांचा चष्मा कुठे राहिला बघ. त्याच्याशिवाय त्यांना स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. शोधून आण बरं.”

५

मुंगीने आधी खुंटाजवळ शोधलं. राक्षसआजोबा तिथे वाचत उभे होते ना? मग दणका बसला तेव्हा चष्मा तिथेच उडून पडला असणार. कदाचित फुटलाही असेल.

खुंटाजवळ काहीच नव्हतं. काच नाही, काडी नाही.

ती गोदामाच्या दुसऱ्या टोकाला गेली. गाद्यांच्या शेजारी एक खोकं उलटं ठेवलेलं होतं. त्यावर पांढरा रुमाल पसरला होता. आणि रुमालावर, काड्या मिटून, काचा वर करून, चष्मा.

मुंगी चष्म्याकडे बघत राहिली. मग गादीकडे. मग मागे वळून, लांबवरच्या खुंटाकडे.

आजोबा म्हणाले होते, धप्प आवाज झाला. घरच्या गादीवर ती कितीदा तरी पडली होती. गादीवर धप्प होतं. एकदा गादी हुकून ती फरशीवर पडली होती, तेव्हा धाड झालं होतं आणि आईने लाटणं टाकून धाव घेतली होती.

आता तिला कळलं होतं. आणि कळल्यावर आनंद व्हायला हवा होता, तो होईना.

एक गोष्ट राहिली होती. गुडघे कुरकुरणारा म्हातारा माणूस, जवळ थोडासाच वेळ, आणि बाहेर जायला वाट नाही. हात कुठे ठेवेल?

ती यानाच्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. चाळणी. टाइपरायटर. बादलीचं बूड. साखळीचं झाकण.

चाळणीच्या बाजूची पंख्याची पाती आज सकाळी दिसत होती. आता दिसत नव्हती.

६

राक्षसआजोबा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. शिंगं काढून मांडीवर ठेवली होती.

“बरं वाटतंय?” मुंगीने विचारलं.

“वाटेल हळूहळू.”

“हे जरा वाचून दाखवता?” तिने संवादांचा कागद पुढे केला.

त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला, हात पुरेना तेव्हा मानही मागे नेली. “अक्षरं आहेत की मुंग्या? चष्मा कुठाय माझा?”

“हा घ्या. गादीशेजारच्या खोक्यावर होता. रुमालावर, काचा वर.”

राक्षसआजोबांचा हात वाटेतच थबकला.

“तुम्ही खुंटापाशी वाचत होतात, असं म्हणालात,” मुंगी हळू आवाजात म्हणाली. “पण चष्मा तिकडे खोक्यावर. मग वाचत कसे होता? दणका खुंटापाशी बसला, आणि पडलात गोदामाच्या दुसऱ्या टोकाला, नेमके गादीवर. टेंगूळ नाही. आणि पडण्याआधी चष्मा काढून ठेवला. कुणी मागून मारणार आहे, हे कुणाला आधी कळतं का?”

राक्षसआजोबांच्या हिरव्या गालांवरून दोन रेघा खाली आल्या, आणि खालची खरी कातडी दिसू लागली.

“खुंटापाशीच पडायचं ठरवलं होतं गं,” ते म्हणाले. “शपथ. तिथे उभाही राहिलो. पण खाली फरशी. पन्नास वर्षं उस्तादांचं शिकवणं हाडांत मुरलंय. पाय आपोआप गादीकडे गेले. आणि हाताने आपोआप चष्मा काढला. मला कळलंसुद्धा नाही. इतकी वर्षं खोटं पडलो, पण चोरून एकदा पडायचं म्हटलं तर जमलं नाही बघ.”

“हात भिंतीवर आहे. पंख्याच्या पात्यांवर टांगलाय.”

“तेही कळलं? कप्तानाची नात शोभतेस.”

“पण का?” मुंगीचा आवाज फुटला. “तुम्ही त्यांचे मित्र ना?”

राक्षसआजोबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट बघितलं. “त्याच्या बाह्यांची बटणं कोण लावतं?”

“मी. पद्धत आहे तशी.”

“अशी कुठलीही पद्धत नाही, बाळ. चहा तो दोन्ही हातांनी का पितो? रोज सकाळी पडद्यामागे ओला टॉवेल घेऊन काय करत असतो? गरम पाण्याने हात शेकत असतो. काल सरावात दोर धरला, तर त्याची दोन बोटं आपोआप उघडली. माझ्यासमोर. तो लोखंडी हात चढवला की कुणाला काही दिसत नाही. आत बोटं थरथरतात आणि बाहेर दिवा लुकलुकतो. त्या उंचीवरून बोटं उघडली असती तर? सकाळी पाया पडायचा बाकी राहिलो. ऐकेना. दिग्दर्शकाला सांगितलं असतं, तर चारचौघांत त्याची शोभा झाली असती. म्हटलं, हातच नसला तर उडीच नाही. उद्या टायर येतील, विषय संपेल. चोर कोण, तर बाहेरचा कुणी तरी.”

“पण आता सगळे म्हणताहेत, आजोबांनी तुम्हाला मारलं.”

“काय?”

“आत ते एकटेच होते ना. त्यांना घरी जायला सांगितलंय.”

राक्षसआजोबा इतक्या जोरात उठले की शिंगं जमिनीवर गडगडली. “तो आत होता? मला वाटलं, ओरडणं ऐकून बाहेरूनच सगळ्यांआधी धावत आला! अरे देवा. अरे देवा, मी काय करून बसलो!” ते दाराकडे निघाले, आणि थांबले. “पोरी, मी सगळं सांगून टाकतो. पण का केलं, असं विचारतील. तेव्हा त्याच्या बोटांचं सांगावंच लागेल. कसं सांगू गं?”

मुंगीनेही तोच विचार केला होता. न सांगावं तर आजोबा मित्राला मागून मारणारे ठरतात. सांगावं तर जे त्यांनी तिच्यापासूनही लपवलं, ते सगळ्या गोदामाला कळतं.

“आधी मी त्यांना भेटते,” ती म्हणाली.

तिने भंगारदादाचं स्टूल ओढलं, त्यावर चढली, आणि भिंतीवरचा हात खिळ्यावरून अलगद उतरवून घेतला.

७

आजोबा पडद्यामागे पिशवी भरत होते. शर्ट बदलून झाला होता. डाव्या हाताने ते उजव्या बाहीचं बटण लावायचा प्रयत्न करत होते, आणि उजव्याने डाव्या बाहीचं लावायच्या भानगडीत ते पडलेही नव्हते.

मुंगीने लोखंडी हात त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. चष्मा, गादी, पंख्याची पाती. फक्त ‘का’ तेवढं सांगितलं नाही.

“त्या गाढवाला मी...” आजोबा ताडकन उठले. “मला वर चढू न देणारा हा कोण?”

“आजोबा, माझा हात धरा ना.”

“आत्ता कसला हात?”

“धरा ना. उजव्या हाताने. घट्ट.”

त्यांनी धरला. मुंगीने हळूच मागे ओढला. जोर नव्हताच लावला, पण आजोबांची दोन बोटं उघडली, मग तिसरं, आणि तिचा हात सुटून बाहेर आला.

पडद्यापलीकडे कुणी तरी दिव्याचा खांब सरकवत होतं.

“कधीपासून?” मुंगीने विचारलं.

“झालं असेल वर्ष.”

“मला का नाही सांगितलं?”

“कप्तानाचा हात सुटतो, हे कप्तानाने कुणाला सांगायचं?”

“मला,” मुंगी म्हणाली.

आजोबांनी नाक जोरात ओढलं. मग दोन्ही बाह्या तिच्यापुढे केल्या. तिने बटणं लावली. या वेळी पद्धतीबद्दल कुणीच काही बोललं नाही.

“चल,” ते म्हणाले.

बाहेर राक्षसआजोबा दिग्दर्शकापुढे मान खाली घालून उभे होते. “हात मी लपवला. मला कुणी मारलं नाही. का, ते विचारू नकोस. मला शिक्षा कर, पण त्याला...”

“का, ते मी सांगतो,” आजोबा म्हणाले. सगळ्यांसमोर त्यांनी उजवा हात वर धरला. तो थरथरत होता, आणि त्यांनी तो थरथरू दिला. “दोर धरवत नाही मला. याने माझा जीव वाचवला, आणि मी सकाळी याला शिव्या घातल्या. आम्हाला इतक्या वर्षांत एवढंच जमलंय.”

दिग्दर्शक खोक्यावर मटकन बसला. “काका, मी तुमच्यावर आळ घेतला. बाबा असते तर त्यांनी माझा कान उपटला असता.”

“तुझ्या बापाने घाईघाईत याला लाव्ह्यात ढकललं होतं. तुमच्या घराण्यातच घाई आहे. ऊठ आता, उजेड जाईल.” आजोबांनी टोळाला खूण केली. टोळ आला तर त्यांनी लोखंडी हात स्वतः त्याच्या हातावर चढवला, एकेक बिजागरी बसवून दिली. “झोका घेताना मनगट वळवायचं नाही. दिवा कॅमेऱ्याकडे. कळलं?” टोळाने जोरात मान हलवली.

“उडीचं जमलं,” दिग्दर्शक म्हणाला, “पण शेवटी कप्तानाचा चेहरा तर हवा ना. काय दाखवू?”

राक्षसआजोबा खाकरले. “पहिल्या भागात मी पडत होतो, तेव्हा याने हात दिला नव्हता.”

“लेखकाने दिला नव्हता रे.”

“तेच ते. या वेळी असं करू. उडीत लोखंडी हात निखळतो. कप्तान यानाच्या कडेला लोंबकळतो, उघड्या हाताने. बोटं सुटायला लागतात. आणि वरून राक्षस ते मनगट धरतो.”

दिग्दर्शकाने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आजोबांच्या हाताकडे. मग तो ओरडलाच, “भंगारदादा, यानाची कड काढून इथे लाव! कमरेएवढ्याच उंचीवर. खाली गाद्या. कॅमेरा जमिनीला टेकव. दरी मी दाखवतो!”

टोळाची उडी एका फटक्यात झाली. मग कमरेएवढ्या उंचीच्या त्या कडेवर राक्षसआजोबा पोटावर झोपले, शिंगं लावून. आजोबा खाली गुडघे दुमडून लोंबकळले, म्हणजे तसं दाखवलं. त्यांचा उघडा, थरथरणारा हात वर गेला आणि राक्षसआजोबांनी तो धरला. दिवे लागले. धूर सोडला. दोघं म्हातारे एकमेकांकडे बघत होते आणि दोघांचेही डोळे भरून आले होते.

“शांतता!” दिग्दर्शक म्हणाला. “कॅमेरा...”

“थांबा!”

कॅमेऱ्यापुढून जायचं नसतं, हे मुंगीला पक्कं ठाऊक होतं. तरी ती त्या झगझगीत उजेडात चालत गेली, थेट दोघांपुढे उभी राहिली आणि तिने आपले दोन्ही तळवे पुढे केले.

दोघांनी एकमेकांच्या नाकाकडे बघितलं. राक्षसआजोबा हसले, आणि कप्तानाने मुकाट्याने मान पुढे केली.

मुंगीने एक चष्मा काढला, मग दुसरा. गादीशेजारच्या खोक्यावर रुमाल पसरला, काड्या मिटून, काचा वर करून दोन्ही चष्मे त्यावर ठेवले. आणि मग कुणाचा धक्का लागू नये म्हणून, त्या खोक्याला दोन्ही हातांनी कवटाळून ती खाली बसली.